कवकजन्य त्वचारोग, शेतकामातील

शेतात, बागेत, कुरणात किंवा वनात वनस्पती हाताळताना, तसेच पालापाचोळा, शेणखत व ओली माती यांच्याशी सतत संबंध आल्यामुळे त्वचेला व त्वचेखालील ऊतकांना (समान रचना व समान कार्य असलेल्या पेशींच्या समूहांना) कवकांचा जो संसर्ग होतो, त्याच्या निरनिराळ्या प्रकारांना मिळून ही संज्ञा लावतात. कवके (बुरशी, भूछत्रे, यीस्ट इ.) ही पूर्वी वनस्पतींत गणली जात, आता त्यांची स्वतंत्र सृष्टी मानतात. हरितद्रव्याच्या अभावी त्यांना स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. त्यामुळे ती मृत जैव पदार्थांवर किंवा सजीवांवर उपजीविका करतात. त्यांच्या असंख्य जातींपैकी माणसाला रोग उत्पन्न करणाऱ्या जाती फारच थोड्या असून त्यांतीलही बहुतेक जाती संधी मिळाल्याखेरीज रोग उत्पन्न करीत नाहीत.

पिकांवरील तांबेरा, भुरी, करपा इ. रोगांची बुरशी हाताला लागते व तीमुळेच शेतकऱ्याला त्वचारोग होतो, ही समजूत बरोबर नाही. तांबेरा व भुरी यांची कवके जिवंत वनस्पतिपेशींवाचून वाढूच शकत नाहीत. मानवी शरीराचे तापमानही त्यांना मानवत नाही. मर रोगाशी संबंध असलेल्या फ्यूजेरियम या प्रजातीतील काही कवके माणसाच्या जखमेत किंवा डोळ्याच्या स्वच्छमंडलावर वाढलेली आढळतात, परंतु तेथेही आधी इजा झालेली असते. माणसाला उपद्रव देणारी कवके मुख्यतः मातीत, कुजणाऱ्या काष्ठात, वाळक्या काट्याकुट्यांवर, जनावरांच्या अंगावर किंवा दुसऱ्या माणसाच्या त्वचेवर असतात. अखंड व कोरडी त्वचा त्यांना सहसा थारा देत नाही. त्वचा भेदली जाणे किंवा ती दीर्घकाळ ओली राहणे या दोहोंपैकी एक गोष्ट बहुधा घडावी लागते. यांपैकी पहिल्या कारणाने अंतस्त्वचा व तिच्याखालील ऊतके यांचे खोलवरचे रोग होतात, तर दुसऱ्या कारणाने त्वचेच्या वरच्या थराचे रोग होतात. पहिले विरळ पण गंभीर असतात. दुसरे अतिशय सामान्य असून सहसा जिवावर बेतत नाहीत, मात्र त्यांचा त्रास फार होतो.

परिस्थिती : विदर्भाच्या पश्चिम भागातील वाशिम जिल्हा (१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झालेला) हे या रोगांना अनुकूल असलेल्या परिस्थितीचे चांगले उदाहरण आहे. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या त्याच्या सहाही तालुक्यांत शेती हाच मुख्य व्यवसाय आहे. खरिपात सोयाबीन व तूर, काही भागांत कपाशी, रब्बीत हरभरा व गहू आणि पाण्याची सोय असेल तेथे हळद व फळबागा असे पिकांचे साधारण स्वरूप आहे. जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले वर्ष बव्हंशी कोरडे जाते. बाभूळ, बोर, हिवर यांसारखी काटेरी झाडे धुऱ्यांवर (शेतांच्या बांधांवर), पांधणींच्या कडेला व पडीक जमिनींत सर्वत्र आहेत. रोही (नीलगाय) व रानडुकरे यांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी बोराटीच्या व बाभळीच्या फांद्यांचे कुंपण घालतात. ते दरवर्षी मोडते, पसरते आणि त्याचे काटे मातीत मिसळतात. थोडा काळ भरपूर ओल, दीर्घकाळ कोरडी हवा आणि काटेरी झाडोरा अशा प्रदेशांत पदकवकार्बुद (मदुरापाद) हा रोग जगभर आढळतो. त्याचा पट्टा साधारणपणे १५° दक्षिण ते ३०° उत्तर या अक्षांशांदरम्यान असून सुमारे २०° उत्तर अक्षांशावरील वाशिम त्यात येते.

कामाच्या क्रमाप्रमाणे धोक्याचे स्वरूपही बदलत जाते. उन्हाळ्यात पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) व तुराट्या उपटणे, धसकटे वेचणे आणि काट्या तोडून कुंपण घालणे ही कामे उघड्या हातांनी होतात. विळ्याने तिरकस कापलेल्या तुरीचे धसकट चाकूच्या टोकाप्रमाणे उभे राहते व रबरी चपलेच्या तळातून आरपार जाते. बाभळीचा पाच सेंमी. लांबीचा काटाही तसाच जातो. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण चालू होते. हे काम मुख्यतः स्त्रिया करतात. ओल्या मातीत उकिडवे बसून त्या तासातासाने पुढे सरकत जातात. पाय चिखलात, लुगड्याचा काठ ओला आणि बोटे दिवसभर ओल्या तणात अशी स्थिती सहा-सात तास राहते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात सोयाबीनची सोंगणी (कापणी) होते. ती बहुधा एकरी ठरलेल्या दराने (गुत्त्याने) दिली जात असल्याने कामाची घाई असते व किरकोळ कापण्या-टोचण्याकडे कोणी लक्ष देत नाही. सुडी (कापलेल्या पिकाचा ढीग) पावसात भिजली, तर आतील शेंगा व पाला यांवर बुरशी चढते. ती उचलताना व मळणी करताना उडणारी धूळ त्वचेपेक्षा फुफ्फुसांनाच अधिक बाधते [→ व्यवसायजन्य रोग]. हळदीच्या पिकात जमीन दीर्घकाळ ओली ठेवावी लागते. त्यामुळे तेथे पावसाळा संपल्यावरही पायाची बोटे कुजण्याची तक्रार चालू राहते.

इतिहास : सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये वर्णन केलेला वल्मीक (वारुळासारखी अनेक तोंडे असलेली गाठ) म्हणजे पदकवकार्बुदच असावे, असे काही अभ्यासक मानतात. आधुनिक वैद्यकात या रोगाची नोंद १८४२ मध्ये मदुराई येथील दवाखान्यात काम करणारे जॉन गिल यांनी केली आणि त्यामुळे ‘मदुरापाद’ हे नाव रूढ झाले. त्याचे कारण कवक हे आहे, हे मत मात्र मुंबईत मांडले गेले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील हेन्‍री व्हॅनडाइक कार्टर यांनी रोगट पायांचे छेद घेऊन त्यांतील काळे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले व १८६० च्या सुमारास ‘मायसेटोमा’ (कवकार्बुद) ही संज्ञा सुचविली. १८७४ मध्ये त्यांनी या विषयावरील स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रे यांच्या विख्यात शारीर ग्रंथातील आकृत्या काढणारे ते हेच कार्टर होत. नंतर ते काही वर्षे सातारा येथेही वैद्यकीय अधिकारी होते. फ्रेंच शास्त्रज्ञ पिनॉय यांनी १९१३ मध्ये या रोगाचे दोन भाग पाडले : एक खऱ्या कवकांनी होणारा व दुसरा कवकांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्मजंतूंनी (अ‍ॅक्टिनोमायसिटीजनी) होणारा. चिकित्सेच्या दृष्टीने हा भेद अजूनही सर्वांत महत्त्वाचा आहे.

गुलाबाच्या काट्याने होणारा म्हणून परिचित असलेला बीजाणुकवक रोग (स्पोरोट्रायकोसिस) बेंजामिन शेंक यांनी १८९८ मध्ये अमेरिकेतून वर्णिला. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्झरँड येथील सोन्याच्या खाणींत १९४१–४४ या काळात सु. ३,००० कामगारांना हा रोग झाला. खाणीतील आधाराच्या लाकडांवर वाढलेले कवक हे त्याचे कारण होते. लाकडांवर कवकनाशकाची प्रक्रिया केल्यानंतर साथ ओसरली. अमेरिकेत १९८८ मध्ये रोपांची मुळे गुंडाळण्यासाठी वापरलेल्या शेवाळामुळे पंधरा राज्यांत ८४ जणांना हा रोग झाला. या दोन्ही उदाहरणांत औषधापेक्षा वस्तू हाताळण्याच्या पद्धतीतील बदल अधिक परिणामकारक ठरण्याजोगा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये कवकार्बुदाचा आणि २०१७ मध्ये वर्णकवकरोग व इतर खोल कवकरोगांचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला.

खोलवरचे रोग : (१) पदकवकार्बुद : हा बहुधा पायाला, त्यातही तळव्याला किंवा पावलाच्या वरच्या बाजूस होतो, हात, गुडघा व ओझे वाहणाऱ्यांच्या पाठीवर किंवा मानेवरही तो आढळतो. वीस ते चाळीस वर्षे वयाच्या, उघड्या पायांनी काम करणाऱ्या पुरुषांत त्याचे प्रमाण अधिक आहे. काट्याबरोबर किंवा फासेबरोबर मॅड्युरेला मायसेटोमॅटिस अथवा तत्सम कवक त्वचेखाली जाते. सूदानमध्ये केलेल्या तपासणीत या कवकाचे अंश मातीच्या काही नमुन्यांत व क्वचित काट्यावरही आढळले आहेत. तथापि अनेक रोग्यांना इजा झाल्याचे आठवतच नाही, कारण काटा मोडणे ही नित्याची गोष्ट असते आणि गाठ दिसेपर्यंत काही महिने, कधी वर्षेही लोटलेली असतात.

प्रारंभी वाटाण्याएवढी, घट्ट व न दुखणारी गाठ येते. ती हळूहळू पसरते, पाय सुजतो, त्वचेवर लहान पुटकुळ्या येऊन फुटतात आणि त्यांतून पुवाबरोबर बारीक कण बाहेर पडतात. काळे कण हे जवळजवळ नेहमीच कवकाचे असतात, तांबडे सूक्ष्मजंतूंचे. पांढरे व पिवळसर कण दोहोंपैकी कशाचेही असू शकतात. रोग पुढे स्नायू व हाडे यांत शिरतो. वेदना नसणे हेच या रोगाचे सर्वांत घातक लक्षण म्हणावे लागेल. जो पाय दुखत नाही, त्यासाठी हंगामात कामाचा दिवस कोणी मोडत नाही. आणि तो दुखू लागतो, तेव्हा बहुधा हाड पोखरले गेलेले असते. प्रारंभीची लहान गाठ संपूर्ण कापून काढणे व त्याबरोबर कवकरोधी औषध देणे एवढ्यावर रोग बरा होऊ शकतो. वाढलेल्या रोगात इट्राकोनॅझोलासारखी औषधे एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ द्यावी लागतात व तरीही काही रोग्यांचे पाऊल किंवा पाय काढावा लागतो. सूक्ष्मजंतुजन्य प्रकार मात्र को-ट्रायमॉक्साझोल, अमिकासिन इ. प्रतिजैविकांना चांगला प्रतिसाद देतो आणि भारतात तो कमी नाही. कोणता प्रकार आहे हे न पाहता औषध सुरू करणे म्हणूनच चुकीचे ठरते [→ मदुरापाद].

(२) बीजाणुकवक रोग : स्पोरोथ्रिक्स या प्रजातीच्या कवकामुळे हा होतो. हे कवक मातीत व कुजणाऱ्या वनस्पतींवर तंतूंच्या स्वरूपात, तर शरीराच्या तापमानात यीस्टच्या स्वरूपात वाढते. बोटाला काटा, गवताचे टोक किंवा लाकडाची फास टोचल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी (एक ते बारा आठवड्यांत) त्या जागी गाठ येऊन फुटते. नंतर हातावर लसीका वाहिनीच्या मार्गाने एकामागून एक गाठी येत जातात. माळेतील मण्यांप्रमाणे दिसणारी ही रांग एकदा पाहिली की ओळखता येते. भारतात हा रोग प्रामुख्याने हिमाचल प्रदेश, उत्तर बंगाल, आसाम अशा हिमालयाच्या पायथ्याच्या दमट भागांत आढळतो. महाराष्ट्रात तो तुरळक आहे. इट्राकोनॅझोल काही महिने दिल्यास तो बरा होतो. पोटॅशियम आयोडाइडाचा विद्राव हे जुने व स्वस्त औषधही गुणकारी आहे. प्रतिजैविकांनी या गाठी बरे होत नाहीत, हे अनेकदा दोन-तीन औषधे बदलून झाल्यावर लक्षात येते.

(३) वर्णकवकरोग : फॉन्सेकिया व त्यासारख्या गडद रंगाच्या कवकांनी हा होतो. पायावर चामखिळीसारखा खरखरीत उंचवटा येऊन वर्षानुवर्षे वाढतो व फुलकोबीसारखा दिसू लागतो. जुन्या विकारात कर्करोग उद्‌भवण्याची शक्यता असते. चिकित्सा दीर्घ व चिकाटीची आहे.

वरच्या थराचे रोग : चिखल्या हा पावसाळ्यातील सर्वांत परिचित विकार होय. पायाची चौथी व पाचवी बोटे एकमेकांस चिकटून असल्याने त्यांच्या बेचक्यातील त्वचा प्रथम पांढरी पडते, मऊ होते, सोलून निघते व तेथे चिरा पडतात. त्यात कॅन्डिडा हे यीस्ट, गजकर्णाची कवके व सूक्ष्मजंतू हे तिघेही एकाच वेळी असू शकतात. चिखल्यांकडे क्षुल्लक म्हणून पाहतात; परंतु त्यांच्या चिरांतून सूक्ष्मजंतू आत जाऊन पायाला तापासह सूज येते. मधुमेह असलेल्यांना व हत्तीपायाच्या रोग्यांना ती वारंवार येते. हातांची बोटे सतत ओली राहिल्यास नखांच्या मुळाशी लाल, दुखरी सूज (नखुरडे) येते व नख वेडेवाकडे होते.

गजकर्ण अथवा नायटा हा जांघ, कंबर, काख व स्तनांखालील घडी या जागी अधिक होतो. कडा उंच व लालसर, मध्यभाग निवळत चाललेला, खाज तीव्र असे त्याचे मूळ रूप असते. कमरेला परकराची नाडी किंवा करगोटा घट्ट बांधलेला असतो, तेथे घाम साचून पट्टाच तयार होतो. याची बहुतेक कवके एका माणसाकडून दुसऱ्याकडे कपडे, टॉवेल, अंथरूण यांमार्फत जातात. काही वासरांच्या अंगावरील चट्ट्यांतून येतात आणि नॅनिझिया जिप्सियासारखी थोडी थेट मातीतून येतात. शेतातील घाम व ओल त्याला केवळ पोसतात. साधारण २०१४ नंतर भारतात या रोगाचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी दोन-चार आठवड्यांच्या मलमाने जाणारा विकार आता महिनोन् महिने राहतो व घरातील सर्वांना होतो. याला कारण असलेल्या कवकाला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळाले. त्याचे अनेक वाण टर्बिनाफीन या औषधाला दाद देत नाहीत [→ गजकर्ण].

या बदलात स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमांचा मोठा वाटा असल्याचे त्वचारोगतज्ञ मानतात. स्टेरॉइड, कवकरोधी औषध व प्रतिजैविक एकत्र असलेली ही मलमे स्वस्त असतात आणि लावताच खाज थांबते. त्यामुळे ती गुणकारी वाटतात. प्रत्यक्षात स्टेरॉइड त्वचेची प्रतिकारक्रिया दाबते. लाली नाहीशी होते, पण कवक पसरत राहते, कडा अस्पष्ट होतात व निदानही अवघड होते. दीर्घकाळ वापरल्यास जांघेत व काखेत त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमचे पट्टे उठतात. केंद्र शासनाने २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइड मलमांना ‘एच’ परिशिष्टात घालून वैद्याच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री करण्यास बंदी केली. तरीही औषधाच्या दुकानात नुसता चट्टा दाखवून मलम घेण्याची रीत खेड्यापाड्यांत व शहरांतही मोडलेली नाही.

सदृश विकार : शेतात उठणारी प्रत्येक खाज कवकाची नसते. गाजरगवत (१९५० नंतरच्या दशकात पुणे परिसरात प्रथम लक्षात आलेले व पुढे देशभर पसरलेले तण) अनेकांच्या त्वचेस अ‍ॅलर्जी उत्पन्न करते. तिचा पुरळ पापण्या, मान, कोपराचा खळगा अशा उघड्या भागांवर सममित येतो, त्याला वर्तुळाकार कडा नसते व तण काढण्याच्या दिवसांत तो वाढतो. खाजकुइरीचे केस लागताच काही क्षणांत आग होते. बिब्ब्याचे तेल लागल्यास फोड येऊन काळा डाग पडतो. अ‍ॅलर्जीत स्टेरॉइड मलम योग्य असते, तर कवकसंसर्गात तेच घातक ठरते. म्हणून शेजाऱ्याला गुण आलेले मलम आपल्याला लावणे धोक्याचे असते.

प्रतिबंध : काटा मोडल्यावर काय करावे, याचे उत्तर परंपरेने वेगवेगळे दिले आहे. दुसऱ्या काट्याने किंवा विळ्याच्या टोकाने उकरून तो काढणे, मग त्यावर चुना, शेण, हळद किंवा तापवलेला बिब्बा लावणे हे प्रकार सर्रास आढळतात. उकरण्याने जखम मोठी होते व मातीतील जंतू अधिक खोल जातात. शेणाने धनुर्वाताचा धोका वाढतो, तर बिब्ब्याने भाजून झालेल्या व्रणात पुढे आलेली गाठ दिसेनाशी होते. काटा वर दिसत असल्यास पाय साबणाने धुऊन, उकळत्या पाण्यातून काढलेल्या चिमट्याने तो सरळ उपसून काढावा. जखम वाहत्या पाण्याने पुन्हा धुवावी व कोरडी करून स्वच्छ कापडाने झाकावी. टोक आत मोडले असल्यास ते आरोग्य केंद्रात काढून घ्यावे व धनुर्वाताची लस पूर्वी केव्हा घेतली हे तेथे सांगावे. मोडका काटा शरीरात ‘विरघळून जातो’ ही समजूत खरी नाही. तो तसाच राहतो व त्याच्याभोवती संसर्गाला जागा मिळते. जखम भरल्यावरही त्या जागेवर पुढील काही महिने बोट फिरवून पाहणे उपयुक्त असते. तेथे घट्ट गाठ हाताला लागली, तर ती दुखत नसली तरी वैद्यास दाखवावी.

पादत्राणांचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ‘शेतात बूट घाला’ हा सल्ला सर्व पुस्तकांत असतो, पण काळ्या मातीत तो पाळणे कठीण जाते. ही माती भिजल्यावर चिकट होते व प्रत्येक पावलाबरोबर बुटाला लगदा चिकटून त्याचे वजन वाढत जाते. चपला चिखलात रुतून बसतात, म्हणून लोक त्या धुऱ्यावर काढून ठेवतात. रबरी गमबूट चिखलात टिकतात, परंतु दिवसभर घातल्यास आत घाम साचतो आणि काट्यापासून वाचलेल्या पायाला चिखल्या होतात. याचा व्यवहार्य मार्ग काम पाहून पादत्राण निवडणे हा आहे. कोरड्या हंगामात, विशेषतः धसकटे वेचताना, काट्या तोडताना व कुंपण घालताना, जाड तळाचे बंद बूट अपरिहार्य समजावेत. रबरी चपलेला टायरचा तळ बसविल्यास काटा बराच अडतो. खोलवरच्या रोगांचे बहुतेक काटे याच काळात मोडतात, त्यामुळे एवढे केल्यानेही मोठा फरक पडतो. पावसाळ्यात मऊ, तणकट जमिनीत निंदताना बूट शक्य नसल्यास पाय कोरडे करण्यावर भर द्यावा. गमबूट वापरले, तर आत सुती मोजे घालावेत, दुपारी जेवणाच्या वेळी ते काढून पाय उघडे ठेवावेत, मोजे बदलावेत व बूट रात्री उपडे टांगून वाळवावेत.

संध्याकाळी पाय नुसते धुणे पुरेसे होत नाही. बोटांच्या बेचक्यांतून कापड फिरवून पाणी टिपून घ्यावे लागते. ज्यांना दरवर्षी चिखल्या होतात त्यांनी रात्री करंगळी व शेजारचे बोट यांत सुती कापडाची पट्टी ठेवल्यास त्वचा कोरडी राहते. बेचके पांढरे दिसू लागताच क्लोट्रिमॅझोलासारखे साधे, स्टेरॉइडरहित मलम लावावे व त्वचा स्वच्छ दिसल्यावरही सुमारे दोन आठवडे चालू ठेवावे. ओले लुगडे किंवा पँट घरी येताच बदलणे, नाडीची जागा दररोज थोडी वरखाली करणे, अंतर्वस्त्रे व टॉवेल गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळविणे व ते घरातील दुसऱ्याला न देणे हे गजकर्णाच्या प्रतिबंधात औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. घरातील एकास रोग झाल्यास सर्वांची तपासणी व चिकित्सा एकाच वेळी व्हावी. वासराच्या अंगावर केस गळालेले, राखाडी खपल्यांचे गोल चट्टे असल्यास त्याला पशुवैद्याकडे न्यावे व त्याला हाताळल्यावर हात धुवावेत.

हातमोज्यांच्या बाबतीतही काम पाहावे लागते. काट्यांच्या कामात कातड्याचे किंवा जाड कॅनव्हासचे मोजे घालावेत; पातळ रबरी मोज्यातून काटा सहज जातो. निंदताना जाड मोज्यांनी तण नीट धरता येत नाही व मजुरीचे काम मागे पडते. तेथे बोटांची टोके मोकळी असलेले सुती मोजे निदान तळहाताला वाचवतात. ते ओले झाल्यास काढावेत, अन्यथा न घातलेले बरे. रोजंदारीच्या कामात हातमोजे व बूट यांचा खर्च मजुराने करावा की शेतमालकाने, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी अनुत्तरितच राहतो आणि परिणामी ते कोणीच घेत नाही. कुंपणासाठी काट्यांऐवजी तार वापरली गेली, तर काट्यांचा मोठा स्रोत कमी होतो. तोडलेल्या काट्या शेतात न पसरू देता एका जागी रचून जाळणे किंवा पुरणे हेही उपयोगी पडते. पाल्याची कुट्टी, कुजलेला चारा किंवा शेणखत उचलताना हातावर जखम असल्यास ती झाकून घ्यावी. डोळ्याला पात किंवा फोल लागून कचकच होत राहिल्यास त्यात तूप, दूध किंवा घरातील स्टेरॉइडयुक्त थेंब घालू नयेत. स्वच्छमंडलाचा कवकसंसर्ग काही दिवसांतच दृष्टी घालवू शकतो.

निदान : वरच्या थराच्या रोगांत चट्ट्याच्या कडेची खपली खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडाच्या विद्रावात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, कवकाचे तंतू काही मिनिटांत दिसू शकतात. ही तपासणी स्वस्त असून सूक्ष्मदर्शक असलेल्या कोणत्याही रुग्णालयात करता येण्याजोगी आहे. मलम लावणे काही दिवस थांबवून मगच नमुना द्यावा. खोलवरच्या रोगांसाठी ऊतकपरीक्षा, संवर्धन व क्ष-किरण चित्रण आवश्यक असते. वाशिम येथे जिल्हा सामान्य रुग्णालय असून २०२४ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यापूर्वी अशा रोग्यांना बहुधा अकोला किंवा नागपूर येथे जावे लागे. गाठीतून कण बाहेर पडत असल्यास रात्रभर निर्जंतुक जाळीदार कापडाची पट्टी बांधून ठेवतात व सकाळी तिला चिकटलेले कण तपासणीस देतात. त्यांचा रंग व घट्टपणा यांवरून रोगाच्या प्रकाराचा प्राथमिक अंदाज बांधता येतो. संवर्धनासाठी काढलेला ऊतकाचा तुकडा फॉर्मॅलिनात न घालता निर्जंतुक लवणविद्रावात पाठवावा लागतो, कारण फॉर्मॅलिनात कवक मरते व त्याची वाढ होत नाही. ऊतकपरीक्षेसाठी दुसरा तुकडा स्वतंत्रपणे फॉर्मॅलिनात ठेवतात.